मेनच्या आधी जाणारा वेळ

मोठा सी प्लस प्लस प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो अशी तक्रार आली की नवीन माणूस प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावतो आणि मेन, म्हणजे प्रोग्रॅमच्या मुख्य फंक्शनपासून पुढे शोधायला लागतो. माझ्या टीममध्ये कुणी नवीन आलं की मी त्यांना आधी मेनच्या अलीकडे बघायला सांगतो. प्रोग्रॅम डझनावारी शेअर्ड लायब्रऱ्या, म्हणजे वेगळ्या फाइलींत ठेवलेला सामायिक कोड, वापरत असेल, तर आपल्या कोडची पहिली ओळ चालण्याआधी त्या लायब्रऱ्या मेमरीत आणून जोडणाऱ्या डायनॅमिक लोडरने बरंच काम उरकलेलं असतं.

लिनक्सवर हे बघणं सोपं आहे. एलडी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला स्टॅटिस्टिक्स ही किंमत देऊन प्रोग्रॅम चालवा. लोडरमध्ये गेलेला एकूण वेळ, त्यातला रिलोकेशनचा, म्हणजे योग्य पत्ते जागच्या जागी भरण्याचा, वाटा, लायब्रऱ्या लोड करायला लागलेला वेळ आणि रिलोकेशनची संख्या, सगळं छापून येतं. मात्र मशीन नुकतं सुरू झालेलं असताना एकदा आणि लगेच पुन्हा एकदा, असं दोन्ही मोजा. पहिल्या वेळी फाइली डिस्कवरून येतात, दुसऱ्या वेळी त्या मेमरीतच असतात. डिस्क आणि लोडर या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत.

रिलोकेशनचा वाटा मोठा दिसला, तर खरा खर्च सिम्बॉल, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलची नावं, शोधण्यात असतो. एखाद्या नावाचा पत्ता हवा असेल तर लोडर आधी मुख्य प्रोग्रॅममध्ये बघतो, मग ठरलेल्या क्रमाने एकेका लायब्ररीत. नाव शेवटच्या लायब्ररीत असेल तर आधीच्या सगळ्या धुंडाळून झालेल्या असतात. त्यात सी प्लस प्लसची नावं लांबलचक, आणि एकाच नेमस्पेसमधल्या (नावांच्या गटातल्या) नावांची सुरुवात सारखीच, त्यामुळे दोन नावं वेगळी आहेत हे कळायलाच बरीच अक्षरं ताडून बघावी लागतात. 2006 मध्ये आलेल्या ग्नू हॅश या नावं शोधण्याच्या तक्त्याने हे पुष्कळ हलकं केलं: त्यातल्या ब्लूम फिल्टर नावाच्या झटपट चाळणीमुळे ‘या लायब्ररीत हे नाव नाही’ हे बहुतेक वेळा एका नजरेत कळतं.

इथे हमखास एक प्रश्न येतो: लेझी बाइंडिंग, म्हणजे पत्ता पहिल्या वापराच्या वेळीच शोधण्याची सोय, असताना एवढं काम सुरुवातीलाच कशाला? लेझी बाइंडिंग फक्त फंक्शन कॉलपुरतं असतं. व्हर्च्युअल फंक्शनांच्या (कुठल्या क्लासचं चालवायचं हे प्रोग्रॅम चालताना ठरतं अशांच्या) तक्त्यातले पत्ते हा डेटा आहे, आणि तो लायब्ररी लोड होतानाच भरावा लागतो. क्लासची उतरंड जितकी मोठी, तितकं हे ओझं जास्त. शिवाय हे पत्ते लिहिताना मेमरीच्या त्या पानांची प्रत प्रत्येक प्रोसेससाठी वेगळी होते, म्हणजे मेमरीही जाते. सुरक्षेसाठी आज बरेच लिनक्स डिस्ट्रिब्यूशन लेझी बाइंडिंग बंदच ठेवतात.

म्हणून माझा पहिला भर कमी सिम्बॉल बाहेर दाखवण्यावर असतो. कंपायलरला व्हिजिबिलिटी हिडन (नावं लपवून ठेव) सांगा आणि बाहेर लागणारी नावं तेवढी हाताने उघडी करा. लायब्ररीच्या आतले कॉल मग आतल्या आत जुळतात, शोधाशोध होतच नाही. एक खबरदारी घ्या: एका लायब्ररीने फेकलेलं एक्सेप्शन, म्हणजे अडचणीची सूचना, दुसरीने पकडायचं असेल, तर तो क्लास उघडाच ठेवा. ही चूक कंपायलर दाखवत नाही. काही प्लॅटफॉर्मवर ते एक्सेप्शन पकडलंच जात नाही आणि प्रोग्रॅम कोसळतो.

त्यानंतर लिंकरला, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला, ॲज-नीडेड हा पर्याय द्या, म्हणजे नुसत्या यादीत राहिलेल्या लायब्रऱ्या गळतात. क्वचित लागणारी सोय प्लगिन करून डीएलओपन या फंक्शनने गरजेपुरती उघडा. प्रीलिंकबद्दल जुन्या लेखांत वाचाल. पत्ते आधीच ठरवून ठेवण्याची ती युक्ती पत्ते रँडमाइझ करण्याच्या सुरक्षेशी जुळली नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. 2022 मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या 2.36 आवृत्तीने रिलेटिव्ह रिलोकेशनचा (ज्यात नाव शोधावं लागत नाही) आटोपशीर प्रकार स्वीकारला. त्याने फाइल लहान होते, पण नावं शोधण्याचा खर्च तसाच राहतो.

हे सगळं करूनही मेनच्या आधी वेळ जात असेल, तर ग्लोबल ऑब्जेक्टचे कन्स्ट्रक्टर, म्हणजे ते तयार करणारी फंक्शनं, तपासा. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या लायब्ररीत सुरुवातीलाच कॉन्फिगरेशन वाचणारा किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन तयार करणारा एखादा सापडतोच. तो पहिल्या वापराच्या वेळेवर ढकला.

आणि प्रत्येक बिल्डला रिलोकेशनची संख्या नोंदवत जा. वेळ मशीनगणिक बदलतो, ही संख्या बदलत नाही. ती अचानक वाढली तर कुठल्या बदलाने वाढली ते त्याच दिवशी शोधता येतं.