हॅमस्टरच्या पिंजऱ्यात बारीक किडे दिसले? या चुका टाळा

जुलैतली रात्र, बाहेर धो धो पाऊस. माझ्या हॅमस्टरच्या, म्हणजे उंदरासारख्या छोट्या पाळीव बोंडूच्या, पिंजऱ्यातली पाण्याची बाटली भरायला गेले आणि मोबाइलचा टॉर्च त्याच्या लाकडी घरावर पडला. छपराच्या कडेला पिठासारखी धूळ बसलेली. बोटाने पुसायला गेले, तर धूळ चालत होती.

सकाळी शेजारच्या काकूंना सांगितलं. "अगो, दोन डांबरगोळ्या टाक की कोपऱ्यात. रात्रीत साफ!" काकूंचा हेतू चांगला, साड्यांच्या ट्रंकेचा अनुभवही दांडगा. पण ट्रंकेतल्या साड्या श्वास घेत नाहीत.

मुळात रत्नागिरीत हॅमस्टर पाळायचा हाच उलटा खेळ आहे. सोनेरी हॅमस्टर सीरियातला, अलेप्पोच्या आसपासच्या कोरड्या प्रदेशातला. १९३० मध्ये इस्राएल अहरोनी या प्राणिशास्त्रज्ञाने तिथून पिल्लं पकडून आणली आणि आज घराघरांत दिसणारे बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांच्याच वंशातले. आपल्याकडे तर आषाढात ताटलीत उघडा राहिलेला पापड तासाभरात फडक्यासारखा लोळतो. हॅमस्टरला ही ओल सोसत नाही आणि किड्यांना नेमकी तीच लागते.

चूक पहिली: कोण आहे ते न बघताच मारायला धावणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा घ्या, किडे दिसले तिथे हलकेच टेकवा आणि काळ्या कागदावर चिकटवा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा. एवढ्यावर निम्मं कोडं सुटतं.

पांढरट, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, संथ सरकणारी धूळ म्हणजे बहुधा धान्यातले माइट, कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव. ते दाणे, पीठ आणि बुरशीवर जगतात, हॅमस्टरचं रक्त पीत नाहीत. संख्या फार वाढली तर त्याला खाज सुटू शकते, तुम्हालाही शिंका येऊ शकतात. टुणकन उडी मारणारे करडे-पांढरे जीव दिसले की लोक "पिसवा झाल्या" म्हणून घाबरतात. पिसू गडद तपकिरी आणि दोन्ही बाजूंनी चपटी असते. हे उड्या मारणारे फिके जीव बहुतेकदा स्प्रिंगटेल असतात. ओल आणि बुरशी असली की ते येतातच, चावत नाहीत. जुन्या पुस्तकांच्या कपाटात पळताना दिसतात तसले फिके, चपळ किडे असतील तर तेही बुरशी खाणारेच. सोंडे आणि पोरकिडे तर तांदळाच्या डब्यामुळे आपल्या ओळखीचेच.

आता काळजीचा प्रकार. काही माइट दिवसा पिंजऱ्याच्या फटींत, लाकडाच्या सांध्यात लपतात आणि रात्री हॅमस्टरचं रक्त पितात. यासाठी झोपायच्या जागेजवळ पांढरा साधा टिश्यू पेपर पसरून ठेवा आणि पहाटे, उजाडायच्या आत, टॉर्च लावून बघा. लालसर-काळे ठिपके फिरताना दिसले आणि चिरडल्यावर रक्ताचा डाग उमटला, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. एवढ्याशा जिवाला रक्त कमी व्हायला वेळ लागत नाही. घरातल्या कुणाच्या मनगटावर, कमरेवर खाजरे ठिपके उठत असतील तर तीही खूण समजा.

हे माइट उंदरांवरून येतात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यातून. पावसात उंदीर कौलाखाली, माळ्यावर चढतात. औषध घालून उंदीर मारले की त्यांच्या अंगावरचे आणि बिळातले माइट नवं अंग शोधत खाली उतरतात. म्हणून पिंजरा कितीही घासला तरी माळ्यावरचं बीळ तसंच राहिलं तर आठवड्यात पुन्हा तेच. खुराड्यात हात घालून आलात तर कपडे बदलून, हात धुऊन मगच हॅमस्टरला उचला.

पिंजऱ्यात काहीच दिसत नाही, पण पाठीवरचे केस विरळ होताहेत, कानाच्या किंवा नाकाच्या कडेला खपली धरतेय? केसांच्या मुळांत राहणारे डेमोडेक्स माइट डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हाताऱ्या किंवा आजारी हॅमस्टरमध्ये ते उचल खातात. चिकटपट्टी कोरी निघाली म्हणून निर्धास्त राहू नका.

चूक दुसरी: औषध माणसाच्या मापाने वापरणं

सोनेरी हॅमस्टर १०० ते १५० ग्रॅमचा. छोट्या जातीचा तर ३० ते ५० ग्रॅम, म्हणजे फार तर दोन लिंबं. मुंग्या मारायच्या खडूची रेघ ओढली, तो त्यावरून चालला, मग सवयीने पाय चाटले, की विष पोटात. डांबरगोळी, कापूर, झुरळांचा फवारा, कुत्र्याच्या मानेवर घालायचे थेंब, यातलं काहीही नको. निलगिरीचं तेल "नैसर्गिक" आहे म्हणून चालेल, असंही नाही. तिन्हीसांजेला डासांसाठी धुरी घालत असाल तर पिंजरा आधी दुसऱ्या खोलीत न्या आणि दार लावून घ्या.

चूक तिसरी: आंघोळ आणि समुद्राची वाळू

हॅमस्टरला पाण्याने आंघोळ घालायची नसते. त्वचेचं तेल जातं, गारठा भरतो आणि तो आजारी पडतो. वाळूत लोळून तो स्वतःच स्वच्छ होतो. इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं आणि घरापासून पाच मिनिटांवर भाट्याचा किनारा. मीही बरणी भरून वाळू आणली होती. पण त्या वाळूत मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे ती उन्हात कितीही वाळवली तरी रात्रीत पुन्हा दमट. वर शिंपल्यांच्या धारदार कपच्या. छोट्या प्राण्यांसाठी मिळणारी स्वच्छ, कोरडी वाळूच आणा. मात्र टाल्कमसारखी भुकटी नको, ती फुप्फुसात जाते.

चूक चौथी: फुकटचं अंथरूण

उडवीतला पेंढा, गिरणीवरचं तूस, लाकडाच्या वखारीतला भुसा, नारळाचं सोडण. कोकणात हे सगळं हाताशी आणि फुकट. पावसाळ्यात मात्र प्रत्येकात ओल आणि माइट दोन्ही असण्याची दाट शक्यता. भुशाची बारीक धूळ नाकाला त्रास देते, सोडणाचे धागे पायाला गुंडाळतात आणि ओला नारळ कुरतडायला दिला तर दोन दिवसांत त्यावर बुरशी. कागदाचं किंवा धूळ काढलेलं अंथरूण विकत आणा. आणलं की पिशवी बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये तीन दिवस ठेवा. खाण्याचे दाणेही तसेच. वीज गेली आणि बर्फ वितळला, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात तीन दिवसांचे आठ झाले.

चूक पाचवी: रोज पिंजरा धुणं

एकदा नीट साफ करा: सगळं अंथरूण बाहेर, पिंजरा गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवायचा, लाकडी वस्तू फ्रीझरमध्ये. फिनेल नको. पण दर दोन दिवसांनी हेच केलंत तर हॅमस्टर बेचैन होतो, कारण स्वतःच्या वासानेच तो घर ओळखतो. नंतर फक्त मुताचा कोपरा आणि त्याने लपवलेला खाऊ रोज तपासा. गालात भरून नेलेले काकडीचे तुकडे घरट्यात कुजत पडलेले सापडतील. दाणे दिवसाला साधारण १० ग्रॅम पुरतात.

पिंजरा जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, पावसात ती भिंत पाणी पिते. हातभर अंतर ठेवा. खोलीत हवा खेळती हवी, पण पंख्याचा झोत थेट त्याच्यावर नको. ओल जावी म्हणून पिंजराच उन्हात ठेवाल तर उष्माघात होईल. उन्हात फक्त रिकाम्या वस्तू. बाटलीची तोटी गळतेय का तेही बघा.

मुंग्यांसाठी आजीची दुधाच्या कपाटाची युक्ती: टेबलाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत, पाण्यात साबणाचा थेंब. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डासांची सोय कराल.

डॉक्टरांकडे जाताना काळ्या कागदावरची चिकटपट्टी बरोबर न्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर हॅमस्टरचं वजन करून लिहून घ्या. तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्यांचीच गर्दी असते, त्यामुळे नेमकं वजन सांगितलं तर औषधाचं माप चुकत नाही. औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून बहुधा काही दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं. पहिल्याच मात्रेनंतर खाज थांबली म्हणून दुसरी टाळू नका.

आणि बोंडूची चालती धूळ? धान्यातले माइट निघाले. पिंजरा दोनदा धुऊनही परत आले, तेव्हा कुठे मे महिन्यात एकदम आणून ठेवलेल्या दाण्यांच्या डब्याचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तीच पिठासारखी धूळ आणि तीही चालत होती. डबा रिकामा केला, आता पाव किलोच आणते. चिकटपट्टी मात्र गणपतीपर्यंत दर रविवारी लावतेच.