अमेरिकेत सरकार 'पडत' नाही : अमेरिकी राज्यकारभारावर लिहिताना या चुका टाळा

अमेरिकेच्या बातम्यांचे मराठी अनुवाद तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्याच त्या चुका परत परत दुरुस्त करून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. या चुकांचं मूळ एकच आहे. आपलं डोकं लोकसभेच्या साच्यात घडलेलं आहे. बहुमत गेलं की सरकार गेलं, मंत्री म्हणजे आमदार-खासदारच, हे आपण शाळेपासून गृहीत धरतो. वॉशिंग्टनमध्ये काँग्रेस (म्हणजे तिथली संसद; प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं), राष्ट्राध्यक्ष आणि सर्वोच्च न्यायालय यांची मुदत वेगळी, नेमणूक वेगळी आणि अधिकारही वेगळे. एकमेकांना अडवता येतं, पण आपल्याकडच्या अविश्वास ठरावासारखं काही तिथे नाही.

सगळ्यात जास्त छळलंय ते 'महाभियोग' या शब्दाने. १९ डिसेंबर २०१९, सकाळचे सात वाजून गेलेले. प्रतिनिधिगृहात डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचे दोन्ही आरोप मंजूर झाले : सत्तेच्या गैरवापराचा २३० विरुद्ध १९७ मतांनी, काँग्रेसच्या कामात अडथळा आणल्याचा २२९ विरुद्ध १९८ मतांनी. आमच्याकडच्या एका नव्या मुलाने इंग्रजी ओळ वाचली आणि कुणालाही न दाखवता मोबाइलवर सूचना सोडून दिली : 'ट्रम्प पदच्युत'. दोनच शब्द. पाच मिनिटांत साताऱ्याहून एका वयस्क वाचकांचा फोन आला. "अहो, मग पेन्सची शपथ किती वाजता?" पेन्स म्हणजे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष. ते वाचक अगदी मनापासून विचारत होते. चूक आमची, आणि सकाळच्या चहाबरोबर ती त्यांच्या घरात जाऊन बसली होती. आम्ही दुरुस्ती पाठवली, पण पहिली सूचना वाचलेल्या प्रत्येकाने दुसरी वाचली असेल असं मला आजही वाटत नाही.

प्रतिनिधिगृह फक्त आरोपपत्र ठेवतं, आणि त्याला साधं बहुमत पुरतं. खटला चालतो सिनेटमध्ये. राष्ट्राध्यक्षांवरचा असेल तर सरन्यायाधीश खुर्चीत बसतात आणि दोषी ठरवायला हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. ५ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प सुटले. त्यांना दोषी म्हणणारी मतं पहिल्या आरोपावर ४८ आणि दुसऱ्यावर ४७ पडली, हवी होती ६७. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, ३५ विरुद्ध १९. बिल क्लिंटन यांच्यावर १९९८ मध्ये महाभियोग आला आणि ते मुदत संपेपर्यंत राष्ट्राध्यक्ष राहिले. रिचर्ड निक्सन यांनी १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाचं मतदान होण्याआधीच राजीनामा दिला, म्हणजे 'महाभियोगाने गेलेले निक्सन' हेही चूकच. आजवर एकाही राष्ट्राध्यक्षाला सिनेटने काढलेलं नाही. आपल्याला १९९९ मध्ये एका मताने पडलेलं वाजपेयी सरकार आठवतं, म्हणून मतदान म्हटलं की खुर्ची गेली असंच वाटतं.

माझी सवय सांगतो. महाभियोगाच्या बातमीत कोणतं सभागृह, हे मी पहिल्याच वाक्यात घालतो. जागा नसेल तर विशेषणं उडवतो, सभागृहाचं नाव ठेवतो. आणि बातमी सर्वात आधी देण्यासाठी धावणाऱ्या मुलांना स्पष्ट सांगतो : दोन मिनिटं उशीर झाल्याची तक्रार आजवर एकाही वाचकाने माझ्याकडे केलेली नाही.

'शटडाऊन' म्हणजे सरकार कोसळणं नव्हे. काँग्रेसने खर्चाला मंजुरी दिली नाही तर तिजोरीतून पैसा निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ. २२ डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस असं चाललं, सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून. विमानतळावर सामान तपासणारे कर्मचारी बिनपगारी कामावर येत होते आणि राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्येच होते. मी 'सरकारी कामकाज ठप्प' असं लिहितो.

'काँग्रेस आणि सिनेट' असं लिहू नका. सिनेट काँग्रेसमध्येच येतं.

'राज्य सचिव' हा शब्द दिसला की यंत्राने अनुवाद केलाय आणि माणसाने वाचलेला नाही हे मला कळतं. मूळ इंग्रजी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट', म्हणजे परराष्ट्रमंत्री. आपल्याकडे सचिव म्हणजे सनदी अधिकारी. शिवाय तिथला मंत्री काँग्रेसचा सदस्य राहू शकत नाही. हिलरी क्लिंटन यांनी २००९ मध्ये हे पद घेताना सिनेटची जागा सोडली.

विधेयक नाकारण्याचा राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार (व्हेटो) हा शेवटचा शब्द नाही. दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ठरवलं की विधेयक कायदा होतंच. युद्धाच्या अधिकारांवर बंधन घालणारा १९७३ चा कायदा निक्सन यांचा नकार मोडूनच झाला.

उरली माझी दुसरी डोकेदुखी : 'राष्ट्राध्यक्षांनी नवा कायदा केला'. राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या आदेशावर सही करतानाचा फोटो, जाड पेन, मागे उभी माणसं, आणि खाली ही ओळ. स्पर्धा परीक्षेची मुलं तर काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय असे तीन चौकोन आणि बाणांची आकृती पाठ करून येतात. त्या आकृतीत आदेश आणि कायदा यांतला फरक कुठेच नसतो. अशी आकृती घेऊन येणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो : या आदेशाखाली कायदा कोणता, की संविधानाचं कलम कोणतं? उत्तर नसेल तर आकृती बाजूला ठेवा आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांची १९५२ ची गोष्ट वाचा.

कोरियात युद्ध चालू होतं, पोलाद कामगारांचा संप तोंडावर होता. ८ एप्रिलला ट्रुमन यांनी आदेश काढला : वाणिज्यमंत्र्यांनी पोलाद कारखाने ताब्यात घ्यावेत. काँग्रेसने असा अधिकार कोणत्याही कायद्यात दिलेला नव्हता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा निकालाने आदेश रद्द केला. त्या वेळी नऊच्या नऊ न्यायाधीश आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले होते. ट्रुमन यांनी स्वतः नेमलेल्या चौघांपैकी दोघे त्यांच्या विरोधात गेले, आणि त्यातले टॉम क्लार्क तर त्यांचेच माजी अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे मंत्री. ट्रुमन चिडले, पण कारखाने लगेच मालकांना परत गेले आणि कामगार संपावर.