मुलांची उंची घरी मोजताना
वाढत्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी, शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवावी. दिवसभरात मणक्यांमधील चकत्या दबत असल्याने सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण १ सेंटिमीटरने जास्त भरू शकते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून व नजर सरळ समोर ठेवून उभे करावे, केस बांधलेले असल्यास सोडावेत आणि डोक्यावर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून खूण करावी.

एका आकड्यापेक्षा वाढीचा वेग खूप अधिक सांगून जातो. साधारण ५ वर्षांपासून वयात येईपर्यंत मुले वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. हा वेग ४ सेंटिमीटरच्या खाली गेला, तर उंची वाढवण्याचा दावा करणाऱ्या पावडरींवर पैसे घालवण्याऐवजी ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मुलींची झपाट्याची वाढ पाळी सुरू होण्यापूर्वीच बरीचशी होऊन गेलेली असते व त्यानंतर उंची बहुधा ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते; त्यामुळे ‘पाळी आली की वाढेल’ असे म्हणून थांबणे मला धोक्याचे वाटते.

मुलींमध्ये ८ व मुलग्यांमध्ये ९ वर्षांच्या आधीच वयात येण्याची चिन्हे दिसू लागली, तरीही तपासणी करावी, कारण अशी मुले सुरुवातीला उंच दिसली, तरी त्यांच्या हाडांची वाढ लवकर थांबते.