राजीनाम्यापूर्वीची तयारी, दुसऱ्या खेपेस

नोकरी सोडून स्वतःचा सल्लागाराचा व्यवसाय करण्याच्या पहिल्या खेपेस अकराव्या महिन्यात मी पुन्हा नोकरी धरली, तीही हातात पुरेसे काम असताना. म्हणून ही यादी.

व्यवसायाचा परवाना आणि स्वतंत्र बँक खाते यांबद्दल सांगायला नको. नियुक्तीपत्रातील जुन्या ग्राहकांविषयीचे आणि स्पर्धाबंदीचे कलम मात्र राजीनामा लिहिण्याआधी वकिलाला दाखवावे. कर्ज काढायचे असल्यास सॅलरी स्लिप मिळते आहे तोवर काढावे, कारण नव्या व्यावसायिकाला बँका सहसा मागील काही वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात. स्वतःचा आरोग्य विमा नोकरी सुटण्याआधीच सुरू झालेला असावा.

आता मी जे विसरलो ते. काम मिळणे आणि पैसे मिळणे यांत महिने जातात. महिनाभर काम करून पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला मी बिल पाठवले. परचेस ऑर्डरचा, म्हणजे ग्राहक कंपनीने काम देताना काढलेल्या लेखी मागणीपत्राचा, क्रमांक नाही म्हणून ते परत आले, मग तिच्याकडे व्हेंडर (पुरवठादार) म्हणून नोंदणीचा अर्ज भरावा लागला, आणि पैसे देण्याची ६० दिवसांची मुदत दुरुस्त बिलाच्या तारखेपासून मोजली गेली. पहिली रक्कम पाचव्या महिन्यात जमा झाली. नोकरीत असताना सल्लागारांची बिले याच कारणासाठी मी स्वतः अडवीत असे, तरी हे सुचले नाही.

तेव्हा परचेस ऑर्डरचा क्रमांक पहिल्याच बैठकीत मागावा. आगाऊ रक्कम मागावी, संकोच वाटला तरी मागावी. कामाची व्याप्ती, पैशांचे टप्पे आणि मुदत कोणत्या तारखेपासून धरायची, हे लेखी आणि सहीनिशी हाती आल्याखेरीज कामाला हात लावू नये. ग्राहक मित्र असेल तर मुळीच लावू नये. घरखर्चाची शिल्लकही सहा महिन्यांची पुरत नाही, कारण त्यातले पाच महिने पहिल्या बिलाची वाट पाहण्यातच जातात.

दर ठरवताना पगाराला तासांनी भागू नये, कारण प्रस्ताव लिहिण्याच्या आणि वसुलीच्या तासांचे बिल कोणालाच लावता येत नाही. आलेल्या रकमेतला कराचा वाटा त्याच दिवशी वेगळा काढावा.

शेवटच्या आठवड्यात अनुभवपत्र घ्यावे, कंपनीच्या ई-मेलला जोडलेली स्वतःची खाती सोडवून घ्यावीत, कंपनीची एकही फाइल सोबत आणू नये आणि कोणाशी भांडू नये. बोधचिन्ह, संकेतस्थळ वगैरे सावकाश होईल. परचेस ऑर्डरचा क्रमांक मागितला का?