गाडीखाली डाग दिसतोय? मिस्त्रीकडं पळायच्या आधी या चुका टाळा

आमच्या दारात शहाबादी फरशी आहे आणि त्या फरशीवर आईचा लई जीव, त्यामुळं गाडी गळतीय हे मला बोनेट उघडून नाही, आईच्या तोंडनं कळलं. सकाळी सकाळी, "तुझ्या गाडीनं दारात घाण केलीया, बघ जरा." बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या जरा मागं रुपयाएवढा काळपट डाग. पुसला, दुसऱ्या दिवशी परत तिथंच.

पुढचे तीन आठवडे आणि साडेतीन हजार रुपये मी ज्या चुकांत घालवले त्याच खाली लिहितोय. शेवटी बदलावं लागलं ते टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, ४०० रुपयांचं.

डाग जिथं, लीक तिथंच असं धरून चालणं

ही सगळ्यात महाग चूक. मी एका गॅरेजला गेलो, त्यांनी खालनं बघितलं, चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) तेलानं माखलेला, म्हणाले चेंबरचं पॅकिंग गेलंय. बदललं. चार दिवसांनी डाग हजर. मग म्हणाले क्रँकचं ऑइल सील (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं) असंल, त्याला गिअरबॉक्स उतरवायला लागंल, तेव्हा मात्र मी गाडी काढून घेतली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडं नेली. त्यांनी गाडी वर घेतलीच नाही. बोनेट उघडलं, टॉर्च मारला, इंजिनाच्या मागच्या अंगाला बोट फिरवून माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "भावा, तेल वर चढत नसतंय. वरनं बघत खाली यायचं." टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातनं तेल पाझरत होतं, इंजिनावरनं ओघळत चेंबरवर यायचं, तिथनं खालच्या प्लास्टिक कव्हरवर साठायचं आणि त्या कव्हरच्या भोकातनं एक एक थेंब फरशीवर. उगम आणि डाग यांच्यात चांगलं दीड-दोन फूट अंतर.

त्यात गाडी चालू असताना खालनं वारं लागतं, ते तेल मागं ढकलतं. म्हणून खालचा भाग कितीही माखलेला दिसला तरी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची, लीक बहुतेक तिथंच सापडतंय. आणि गल्ली उताराची असली की थेंब अजून सरकतो, तेव्हा शक्यतो सपाट जागेवर लावून बघा.

काय गळतंय हे न बघताच "ऑइल लीक आहे" म्हणणं

टीव्ही नाहीतर फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, आतली कोरी बाजू वर करून रात्री गाडीखाली सरकवा आणि पेननं त्यावर चाकं कुठं आहेत, पुढची बाजू कुठली, ते लिहून ठेवा. हे लिहायचं मी पहिल्यांदा विसरलो आणि सकाळी पुठ्ठा ओढून काढल्यावर डावं-उजवं कळंना.

आता डाग बघा. नुसतं पाणी, वास नाही, बोटाला चिकटत नाही, आणि डाव्या बाजूला पुढं पडलंय, तर ते एसीचं पाणी. एप्रिल-मेमध्ये निम्मं कोल्हापूर यालाच घाबरतंय. उलट कडक उन्हात एसी लावूनही खाली पाणी पडत नसेल आणि डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागत असेल तर एसीचं पाणी बाहेर सोडणारा पाइप चोकअप झालाय, तो साफ करून घ्या, नाहीतर गाडीत कुबट वास सुटतो. पण तीच ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतनं तेलकट धूर बसत असेल तर हीटरची कॉइल फुटलीय आणि तिच्यातलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय.

काळं किंवा तपकिरी म्हणजे इंजिन ऑइल. घट्ट आणि नाक मुरडावं असा गंधकासारखा वास आला तर गिअर ऑइल. तांबडं असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टेअरिंगचं असू शकतं, पण आजकालच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतंय, त्यात ऑइलच नसतंय, त्यामुळं "स्टेअरिंग ऑइल गळतंय" असं कुणी म्हणालं तर आधी त्याची टाकी कुठाय ते दाखवा म्हणायचं. हिरवं, गुलाबी, निळं, केशरी आणि बुळबुळीत म्हणजे कूलंट. ते चाखून बघू नका (हसू नका, बघणारे आहेत), विषारी असतंय, आणि चव गोड म्हणून गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात, त्यामुळं सांडलेलं लगेच धुऊन टाका.

कूलंटच्या बाबतीत घाई

गगनबावड्याचा घाट करून आलं की पाणी कमी होतंय आणि घरात उभी असताना थेंब नाही, अशी तक्रार लई जणांची असते. कारण सोपं आहे, इंजिन तापलं की कूलंट प्रेशरखाली येतं आणि बारीक चीर तेव्हाच उघडते, थंड झाल्यावर मिटते. काही वेळा उलटं होतं, थंडीच्या पहाटे रबराचा होज आकसतो, क्लिप ढिली पडते आणि तेवढ्याच वेळात ठिबकतं. म्हणून एकदा तापल्यावर आणि एकदा पहाटे, दोन्ही वेळी बघायला लागतं. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं, तिथं वाळलेल्या कूलंटचे रंगीत ओघळ दिसले तर पंपाचं सील गेलं समजा.

पण इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आतलं पाणी १०० अंशांच्या वर असू शकतं, नुसत्या प्रेशरमुळं उकळायचं थांबलेलं, झाकण फिरवलं की सगळं तोंडावर. तास-दीड तास थांबा, चहा घ्या.

आणि ती लीक बुजवायला रेडिएटरात हळद टाकायची युक्ती. रस्त्यात मधीच अडकला तर ठीक, पण घरी आल्यावर तेच "काम झालं" म्हणून सोडलं तर तो गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो आणि एक खर्च वाचवून दुसरा गळ्यात.

पुरावा धुऊन टाकणं

पहिल्याच दिवशी इंजिन प्रेशरनं धुऊन आणलं की काही दिवस काहीच दिसत नाही आणि आपण खूश. न धुता बघायला गेलं तर पाच वर्षांच्या चिखलात ताजं तेल ओळखू येत नाही. मधला मार्ग असा की आधी जसं आहे तसे फोटो काढा, मग थंड इंजिन डिग्रीजर आणि फडक्यानं पुसा, कोरडं झालं की संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर शिंपडा, पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च मारा. पांढऱ्यावर तेलाची ओली रेघ लगेच दिसते. उद्यमनगरच्या मिस्त्रींनी माझं पॅकिंग बदलल्यावर हेच केलं होतं, खात्री करायला.

नुकतंच ऑइल बदललं असेल तर थोडं थांबा, फिल्टर काढताना सांडलेलं तेल प्लास्टिक कव्हरवरनं दोन-चार दिवस गळतंच. पण जास्त गळायला लागलं तर फिल्टर बघा, जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहतं आणि त्याच्यावर नवं बसवलं जातं, मग दोन रबरांमधनं तेल धो धो येऊ शकतं.

दिसंल तो नट आवळणं

चेंबरच्या नटाजवळ (ज्यातनं जुनं तेल काढतात तो) थेंब दिसला की पान्हा घेऊन जोर लावणारे आहेत. चेंबर ॲल्युमिनियमचा असला तर आटे जातात आणि दहा-वीस रुपयांच्या वायसरचं काम चेंबरवर जातं. तो वायसर दर सर्व्हिसला नवा घालायचा असतो.

नवं सील घातलं आणि महिन्यात परत पाझरायला लागलं तर ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडायची वाट) तपासा. तो चोकअप झाला की इंजिनातलं प्रेशर बाहेर पडायला जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे तुमचं नवं सील.

खाली शिरून बघणार असाल तर नुसत्या जॅकवर नको. स्टँड लावा, चाकाला वीट लावा, नाहीतर सरळ रॅम्प असलेल्या गॅरेजला जा.

ब्रेक आणि पेट्रोल

इथं पुठ्ठा-पावडर काही नाही. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ, तेलकट ओल असेल किंवा पेडल खाली जात असेल तर गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रीला घरी बोलवा. ब्रेक ऑइलची लेव्हल नुसती थोडी कमी झाली म्हणजे लीकच असं नाही, ब्रेक पॅड झिजले तरी ती उतरते, पण ते मिस्त्रीनं चाकं काढून बघितल्यावर ठरवायचं, आपण नाही. पेट्रोलचा वास आला तर स्टार्टरसुद्धा मारू नका.

राहिला डाग. जुना डाग तसाच ठेवला तर नवा पडलाय का कळतच नाही, म्हणून काम झालं की फरशी आधी साफ करा. वखारीतनं लाकडाचा भुसा आणून डागावर जाड थर घातला, रात्रभर ठेवला, सकाळी झाडून भांड्याच्या पावडरीनं घासलं. तरी फिकट वळ राहिलाच. आई आता त्याच्यावरच रांगोळी काढती.