जूनच्या आधी एप्रिलची माणसं शोधा

मागच्या खेपेला आम्ही टेकडीवर ५०० रोपं लावली. जुलैचा पहिला रविवार, रिपरिप पाऊस, तीनेकशे माणसं, शाळेचं लेझीम पथक, चहाची दोन मोठी पातेली. प्रत्येक रोपाला पत्र्याची पाटी तारेनं बांधलेली, कुणाच्या आजीच्या स्मरणार्थ, कुणाच्या नातवाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त. पुढच्या मे महिन्यात मी वही घेऊन वर गेलो. खोड नखानं जरासं खरवडायचं, आत हिरवं दिसलं तर रोप जिवंत, तपकिरी कोरडं लागलं तर गेलेलं. पहिल्या ओळीत वीस रोपं खरवडली, एकही हिरवं निघालं नाही. पाट्या तेवढ्या वाऱ्यानं काड्यांवर आपटून टणटण वाजत होत्या. ५०० पैकी ४१ जगली. त्या जूनमध्ये पुन्हा हाक दिली तर अकरा जण आले, त्यातले चार आमच्याच घरचे. मागच्या गल्लीतल्या काकूंना फोन केला तर म्हणाल्या, "परत काड्याच लावायच्यात का?"

यंदा परत जमवाजमव चालू आहे, म्हणून हे लिहून ठेवतोय. तुमच्याकडेही एकदा झालेलं आणि मग थंडावलेलं वृक्षारोपण पुन्हा उभं करायचं असेल तर उपयोगी पडेल.

जागा, रोपं, पाहुणे, सगळ्याच्या आधी एक कागद घ्या आणि लिहा: एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार? "सगळे मिळून घालू" असं लिहू नका. नावं लिहा. आमच्याकडे हाच कागद नव्हता. बाकी सगळं होतं, अगदी फावड्यांची मोजदादसुद्धा होती.

नावं लिहायला बसलात की अडचण लगेच कळते. जुलैत येणारी माणसं कोण असतात? शाळेची मुलं, महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, बँकेचे नाहीतर कचेरीचे कर्मचारी, हौशी कुटुंबं. एप्रिलमध्ये यातलं कोण जागेवर असतं? मुलांच्या परीक्षा, मग सुट्टी, मग मामाचं गाव. कर्मचाऱ्यांची मार्चअखेर संपते न संपते तोच बदल्यांचे वारे. लग्नसराई, चैत्रातल्या जत्रा. म्हणजे रोपाला सर्वांत जास्त गरज असते नेमकी तेव्हा त्याचा पालक गावातच नसतो. आम्ही प्रत्येक मुलाला एकेक झाड दत्तक दिलं होतं. ऐकायला किती छान! मुलांचा काही दोष नाही, नववीतला मुलगा सुट्टीत आजोळी जाणारच. तेव्हा माणसं निवडताना एप्रिल-मेमध्ये इथेच कोण असतं ते बघा: दुकानदार, निवृत्त मंडळी, सकाळी टेकडीवर फिरायला येणारे, बचत गटातल्या बायका, भजनी मंडळ, रिक्षा थांब्यावरची पोरं. यांना जुलैत नाही बोलावलंत तरी चालेल, पण एप्रिलची पाळी यांच्या तोंडून कबूल करून घ्या. पाळी झाडाची देऊ नका, रविवारची द्या. "हे झाड तुमचं" म्हटलं की माणूस आपलं झाड गेल्यावर येणंच सोडतो. "तिसरा रविवार तुमच्या गटाचा" म्हटलं की निदान न येण्याची लाज तरी वाटते.

आता पाण्याचा हिशोब. रोपं किती हे त्यावरून ठरवायचं, आम्ही नेमकं उलटं केलं. उन्हाळ्यात लहान रोपाला आठवड्याला निदान दहा लिटर धरा. ५०० रोपं म्हणजे एका फेरीला ५,००० लिटर, म्हणजे एक टँकर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सतरा-अठरा आठवडे. टँकर टेकडीच्या पायथ्याशी थांबतो, हे आम्हाला टँकर आल्यावर कळलं. वर माणसानं न्यायचं. दोन हातात दहा-दहा लिटरचे कॅन धरले तरी २५० खेपा. एका रविवारी. असे सतरा रविवार. कागदावर मांडलं असतं तर पाचवीतल्या मुलानंही आम्हाला थांबवलं असतं. यंदा आम्ही ८० रोपं लावणार आहोत. एका फेरीला ८०० लिटर, ४० खेपा, दहा माणसांनी चार-चार केल्या की नाश्त्याला घरी. ८० हा आकडा सांगितल्यावर काहींची तोंडं पडली. पडू देत.

आकड्यांचं वेड वरूनच आलेलं आहे, त्यात आपण एकटे नाही. आपल्या राज्यात १ जुलै २०१६ ला एका दिवसात दोन कोटी रोपांचं लक्ष्य होतं, पुढे चार कोटी, तेरा कोटी, २०१९ ला ३३ कोटी. सगळे आकडे लावण्याचे. कन्हैयालाल मुनशींनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा ठरलेला आहे, आणि लावायला तो आठवडा बहुतेक ठिकाणी योग्यच आहे. पण उत्सव जुलैत संपतो आणि रोप मरतं मेमध्ये, आणि मेमध्ये तिथे फोटो काढायला कुणी नसतं. आपण निदान आपल्यापुरता एप्रिलचा आकडा सांगायचा ठरवू. फलक लावायचाच तर "जिवंत: इतकी" असा लावा आणि दर महिन्याला खडूनं बदला. कमी झाली तरी बदला. काकूंसारखी माणसं यानंच परत येतात असा माझा अंदाज आहे. त्यांना राग झाडं मेल्याचा कमी होता, आम्ही गप्प बसल्याचा जास्त.

जागा. कुणाची आहे ते आधी बघा: वनखात्याची, गायरान, नगरपालिकेची, खासगी. लेखी परवानगी, ग्रामपंचायत असेल तर ठराव. वर विजेच्या तारा नाहीत ना? शहरी भागात १९७५ च्या वृक्षसंवर्धन कायद्याखाली वाढलेलं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, तेव्हा चुकीच्या जागी लावलेलं झाड पुढे सगळ्यांच्याच गळ्यात येतं. आणि एक कळकळीची गोष्ट: मोकळं दिसलं की ओसाड समजू नका. माळरान हे माळरान म्हणूनच जिवंत असतं. माळढोक, तणमोर, खोकड, लांडगा यांना झाडांची दाटी नको, गवत हवं. सह्याद्रीतले सडे, म्हणजे खडकाळ पठारं, तर मुळीच खणू नका. कासच्या पठाराची फुलं वीतभर मातीवर उगवतात, तिथे खड्डे मारून कुणाचंच भलं होणार नाही. बोडकी झालेली टेकडी, ओढ्याचा काठ, शाळेचं आवार, रस्त्याची कड, इथे लावा.

जागा कुणाची याबरोबर तिथे रोज कोण येतं हेही विचारा. आमच्या टेकडीवर एक आजोबा शेळ्या घेऊन येतात, चाळीस वर्षं झाली असतील. आम्ही त्यांना न विचारता त्यांच्या वाटेवरच रोपं लावली आणि मग शेळ्यांच्या नावानं खडे फोडले. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, कुऱ्हाडबंदी केली, ती गावानं एकत्र बसून. आपण चार बाहेरची माणसं जाऊन कुणाची चराई बंद करू शकत नाही. यंदा आजोबांना आधी भेटलो. म्हणाले, "वरचा अंग तुमचा, खालचा माझा. आणि बाभळीच्या काट्या मी आणून देतो." तारेच्या कुंपणापेक्षा ते बरं, तार चोरीला जाते. एप्रिलच्या कागदावर पहिलं नाव त्यांचंच आहे. ते रोज वर असतात, कुठलं रोप मान टाकतंय ते त्यांना आपल्या आधी दिसतं.

रोपं कुठली? स्थानिक. यावर मी जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे गुलमोहर आणतात. गुलमोहर मादागास्करचा, वाढतो भराभर, वादळी पावसात आडवाही होतो. गिरिपुष्पाला (ग्लिरिसिडिया, तेही परदेशीच) जनावरं फारशी तोंड लावत नाहीत म्हणून टेकड्यांवर ते वारेमाप लावलं गेलं, आता तिथे दुसरं फारसं काही दिसत नाही. कोरड्या टेकडीवर कडुलिंब, करंज, शिरीष, आपटा, पळस, बेल, खैर. ओढ्याकाठी अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. ताम्हण राज्यफूल म्हणून सगळ्यांना हवं असतं, पण त्याला ओल लागते, कोरड्या उतारावर त्याचे हाल करू नका. आजूबाजूला आपोआप काय उगवलंय ते बघून या, तीच खरी यादी. रोपवाटिकेत उंच रोप बघून भुलू नका. छोट्या पिशवीतलं उंच रोप म्हणजे आत मुळांची गुंडाळी झालेली असते. कमरेएवढं, जाड बुंध्याचं, पिशवी त्याच्या मानानं मोठी, असं निवडा. आणि लावायच्या आधी आठवडाभर आणून सावलीत ठेवा.

खड्डे उन्हाळ्यात. दीड-दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालची मुरूमवाली दुसऱ्या बाजूला, महिनाभर ऊन खाऊ दे. भरताना वरची माती तळाशी, शेणखत, वाळवी असेल तर निंबोळी पेंड. उतारावर आधी सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) काढता आले तर उत्तम, पावसाचं पाणी तिथेच मुरतं आणि एप्रिलच्या एक-दोन फेऱ्या वाचतात. परत एप्रिलच. खड्डे खणायला लोक बोलवायचे तर पहाटे बोलवा आणि त्याच दिवशी पायथ्याचं पाणी वर नेऊन दाखवा. ज्याला हे ऊन सोसलं त्यालाच पाण्याची पाळी द्या. आमच्याकडे यंत्रानं एका दिवसात खड्डे मारून घेतले होते, त्यामुळे उन्हात टेकडी कशी असते हे जुलैत आलेल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

लावायचा दिवस नेत्यांच्या सोयीनं ठरवू नका. मृगाच्या पहिल्या सरीला हुरळून लावलेलं रोप पुढे पावसानं ओढ दिली की होरपळतं. माती फूटभर खोल ओली झाली की मग. आर्द्रा लागून पाऊस स्थिरावला की बरं, कोरड्या भागात पुनर्वसूपर्यंत थांबा. त्या दिवशी प्रत्येक दहा माणसांमागे एक जाणता हवा आणि त्याचं एकच काम: प्लास्टिकची पिशवी काढली का बघणं. ब्लेडनं उभी चिरून काढायची, मातीचा गोळा न फोडता. हसू नका, मेमध्ये आम्ही मेलेली रोपं उपटली तेव्हा पिशवीसकट आलेली सापडली. पिशव्या मोजून परत घ्या, ८० रोपं तर ८० पिशव्या. काठीचा आधार, सुतळी सैल. भाषण एक, पाच मिनिटं, आणि त्यात एप्रिलच्या पाळ्या नावानिशी वाचून दाखवायच्या. माईकवर, सगळ्यांसमोर. पाहुण्यांच्या सत्कारापेक्षा हा सत्कार मोठा करा, नारळ द्यायचाच तर पाळीवाल्यांना द्या. पाट्या नकोत. खरंच नकोत.

ऑगस्ट-सप्टेंबरात गवत रोपाच्या डोक्यावर जातं, फूटभर भोवताल काढायचं, तेच गवत आच्छादनाला. मेलेली रोपं याच पावसात बदलून टाका, पुढच्या वर्षावर ढकलू नका. ऑक्टोबरात पाऊस सरताना रोपाभोवती पाण्यासाठी आळी करा, उतारावर खालच्या बाजूला अर्धगोल. नोव्हेंबरपासून पंधरा दिवसांनी पाणी. बुडाला भोक पाडून सुतळीची वात घातलेलं मडकं रोपाशेजारी पुरलं तर पाणी वाया जात नाही. पण मडकं भरायलाही माणूस लागतो, हे "मडकी लावली की झालं" म्हणणाऱ्यांसाठी.

वणवा. जानेवारी सरायच्या आत लागवडीभोवती जाळरेषा, गवत साफ, दहा फूट तरी. खोडाजवळचं आच्छादन तेव्हा पातळ करा. आजोबांकडे आणि आणखी दोघांकडे वनखात्याचा नंबर असू दे.

दुसरं वर्ष: तेच, पाणी थोडं कमी. तिसरं: बहुतेक रोपं आपली आपण तग धरतात, तरी एप्रिल-मेमध्ये दोन-चार फेऱ्या. नवी लागवड जुनी जगल्याशिवाय नाही. मोजणी दर महिन्याला, फोटो मेमध्ये.

टेकडीच्या मध्यावर १,००० लिटरची टाकी बसवायची बोलणी चालू आहेत, पंप लावून टँकरमधून भरता येईल, खेपा तेवढ्याच पण चढ निम्मा होईल. ती झाली नाही तरी ८० चे १०० करायचे नाहीत. एप्रिलचा दुसरा रविवार अजून मोकळा आहे, त्या आठवड्यात जत्रा आहे आणि कुणी तयार होत नाही. तो मी घेतलाय, दोघं आणखी हवेत. पाऊस लांबला तर जूनअखेरच्या दोन फेऱ्या जास्तीच्या धरा, आणि टँकरवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, मेमध्ये तो फोन उचलत नाही.