ब्रिटनमधली पहिली बाइक बडोद्यातच पारखून घ्या

शिकायला ब्रिटनला निघालेल्या बडोद्याच्या ज्या मुलामुलींना तिकडे बाइक घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी ही तयारीची यादी. आईवडिलांनी वाचली तरी हरकत नाही.

आधी वय मोजा. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, गिअरच्या गाडीचं लायसन्स हातात पडलं की स्प्लेंडर चालवा नाहीतर हायाबुसा, आरटीओला फरक पडत नाही. तिकडे पायऱ्या आहेत. १७व्या वर्षापासून १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी, १९व्या वर्षापासून ए-टू म्हणजे मधल्या ताकदीच्या गाड्यांचं लायसन्स, आणि पूर्ण लायसन्स थेट हवं तर २४ वर्षं पूर्ण हवीत. नाहीतर ए-टू दोन वर्षं वापरून पुन्हा परीक्षा. भारतीय लायसन्स तिकडच्या लायसन्सशी बदलून मिळत नाही, त्यामुळे वर्षाहून जास्त राहणाऱ्यांना परीक्षा चुकत नाही. कॉलेजची बहुतेक मंडळी ए-टूतच बसतात, म्हणून पुढचं सगळं त्याच हिशेबाने.

ए-टूची मर्यादा ताकदीवर आहे, सीसीवर नाही. जास्तीत जास्त ३५ किलोवॅट, आणि गाडीच्या किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नको. आपल्या ब्रोशरमध्ये पीएस (म्हणजे हॉर्सपॉवर) लिहिलेलं असतं, त्याला ०.७३५ने गुणा. ट्रायम्फ स्पीड ४०० ही ४० पीएसची, म्हणजे २९.४ किलोवॅट, आरामात आत. रॉयल एन्फील्डची इंटरसेप्टर ६५० दिसायला दांडगी, पण ४७ पीएसच्या आसपास असल्याने तीही जशीच्या तशी चालते. मोठ्या गाडीला रिस्ट्रिक्टर (ताकद कमी करणारा भाग) बसवून ३५वर आणता येतं, फक्त तिची मूळ ताकद ७० किलोवॅटपेक्षा जास्त नसावी. पहिल्याच गाडीला या भानगडीत पडू नये असं माझं मत. बसवल्याचा कागद सांभाळा, विमावाल्याला कळवा, आणि एवढं करून वजन मोठ्या गाडीचंच राहतं.

या यादीतल्या कितीतरी गाड्या इथेच बनतात: स्पीड ४०० आणि केटीएम ३९० ड्यूक चाकणला, इंटरसेप्टर चेन्नईकडे. मग तिकडे जाऊन पहिल्यांदा बसण्यात काय अर्थ? व्हिसाची वाट बघत घरी बसलाच आहात, तर बडोद्याच्या शोरूममध्ये जाऊन टेस्ट राइड घ्या. रोजचे बूट घालून जा, चपला नकोत. साइड स्टँड काढा, दोन्ही पाय टेकतात का बघा, आणि बसल्या बसल्या गाडी पायांनी मागे ढकला. स्पीड ४००ची सीट ८०० मिलिमीटरच्या आसपास असते. पाच फुटांच्या आगेमागे उंची असेल त्यांनी हे नक्की करून बघावं. इंटरसेप्टर दोनशे किलोंच्या वर आहे, आणि ढकलताना ते लगेच कळतं. सेल्समन घाई करेल. करू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपली निम्मी पोरं ॲक्टिव्हावर वाढलेली. स्कूटरला डावा लिव्हर म्हणजे ब्रेक, बाइकला तो क्लच. समोर अचानक रिक्षा आली की सवयीचा डावा हात आवळला जातो, आणि बाइक थांबायच्या ऐवजी मोकळी सुटल्यासारखी पुढे सरकते. ही सवय मोडायला ब्रिटनचा पाऊस ही जागा नव्हे. मित्राची गिअरवाली गाडी मागा, लायसन्स खिशात ठेवा, आणि सकाळी रिकाम्या मैदानात उजवा हात आणि उजवा पाय मिळून ब्रेक लावायचा सराव करा. तिकडच्या परीक्षेच्या पहिल्या भागात आपल्या आरटीओसारखा आठ काढावा लागतो, शिवाय यू-टर्न, माणसाच्या चालीने सरळ जाणं, आणि ताशी ५० किलोमीटरवरून तातडीचा ब्रेक. माणसाच्या चालीचा सराव मांडवीच्या गर्दीत फुकट होतो. हाफ क्लच आणि मागचा ब्रेक, पाय खाली नाही.

घरच्या बुलेटवर हात बसला असेल तर एक खुलासा. ३५० सीसीची बुलेट ए-टूवर चालवता येते, पण त्या परीक्षेला बसत नाही. परीक्षेच्या गाडीला किमान ३९५ सीसी आणि २० किलोवॅट लागतात. गाडी बहुधा ट्रेनिंग स्कूलच देतं. थिअरीचे ५० प्रश्न असतात, ४३ बरोबर यावे लागतात, आणि अभ्यास इथूनच सुरू करता येतो.

हेल्मेट नुसतं आयएसआयचं असेल तर तिकडे कायद्याने चालत नाही. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेली पट्टी बघा: गोलात ई आणि शेजारी आकडा, म्हणजे तिकडे चालणारा ईसीई हा सुरक्षेचा छाप. आपल्याकडच्या काही हेल्मेटांवर दोन्ही छाप असतात. बॅगेत जागा खातं अशी घरात तक्रार होणारच. लीलो चेवडोची पाकिटं हेल्मेटच्या आत भरा.

बाकीचं तिकडे पोचल्यावर. गाडीचे पैसे देण्याआधी विम्याचा आकडा काढा, कारण विशीतल्या नव्या चालकाला तो गाडीइतकाच झोंबू शकतो. जुनी घेताना नंबर टाकून सरकारी वेबसाइटवर एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासण्यांचा इतिहास फुकट बघा. थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, तेव्हा चेन, पुढचे फोर्क आणि खालचे नटबोल्ट गंजलेत का, तेही वाकून बघा. आणि ए-टू पास होईपर्यंत गाडी बुक करू नका.